साच्यावरचं अर्धं कापड

लालबाग-परळात गणपतीचे कारखाने आणि कापडाच्या गिरण्या कित्येक पिढ्या शेजारी शेजारी होत्या, पण हिशेबाच्या दृष्टीनं ती दोन वेगळी जगं. मूर्तिकाराला विचारा, अमुक मंडळाची मूर्ती किती रुपयांना पडली? माती, काथ्या, रंग, कारागिरांचा रोज, सगळं त्या एका मूर्तीच्या नावावर मांडून तो आकडा सांगेल. शेजारच्या मूर्तीचा आकडा वेगळा निघेल, कारण मूर्तीच वेगळी. गिरणीत हे चालत नाही. एक मीटर लाँगक्लॉथ हातात घेऊन ‘याला कुठल्या गासडीतली रुई लागली, कुठल्या कामगाराची किती मिनिटं लागली’ असं विचारलं, तर गिरणीचा मालकही सांगू शकणार नाही. हजारो किलो रुई एकत्र मिसळलेली, तीन पाळ्यांत शेकडो हातांतून गेलेली. तिथं मीटरची किंमत काढायचा मार्ग एकच: महिन्याचा सगळा खर्च वर लिहायचा, महिन्याचं उत्पादन खाली लिहायचं आणि भागायचं.

वाणिज्य शाखेच्या पुस्तकात याला प्रक्रिया परिव्यय म्हणतात, मुलं ‘प्रोसेस कॉस्टिंग’ म्हणतात. भागाकार चौथीच्या पोरालाही जमेल. खरी गंमत खालच्या आकड्यात आहे. ‘उत्पादन’ म्हणजे नक्की किती, आणि कशाला उत्पादन म्हणायचं?

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी काढली आणि १८५६ मध्ये तिथून सूत निघू लागलं. पुढं भायखळा, लालबाग, परळ, दादर, वरळी हा सगळा पट्टा गिरण्यांनी भरला आणि गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. सूत आणि कापड दोन्ही एकाच आवारात काढणारी गिरणी म्हणजे खात्यांची साखळी. गासडी फोडली की रुई ब्लो रूममध्ये जायची, तिथं माती, सरकीचे तुकडे, पाला झटकला जायचा. कार्ड खात्यात तंतू विंचरले जायचे, पुढं त्यांचे पेळू एकसारखे व्हायचे, त्रासन खात्यात सूत कातलं जायचं. मग वाइंडिंग, जिथं बायकांची संख्या मोठी. मग वार्पिंग, मग ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, कांजी, आणि शेवटी कानठळ्या बसवणारं साचा खातं. गिरणीच्या बोलीत साचा म्हणजे माग. त्यापुढं ब्लीचिंग, रंगाई, घडी.

हिशेबनीस यातल्या प्रत्येक खात्याचं वेगळं खातं उघडतो. ब्लो रूमचा तयार माल कार्ड खात्याला कच्चा माल म्हणून मिळतो, तो नुसता येत नाही, तर आतापर्यंतचा सगळा खर्च पाठीवर घेऊन येतो. कार्ड खातं त्यात आपली मजुरी, वीज, यंत्रांचा घसारा घालून तो पुढं ढकलतं. साखळीच्या शेवटी कापडाच्या मीटरवर दहा खात्यांचे थर चढलेले असतात. या पद्धतीचा मालकाला फायदा हा की कापड महाग पडलं तर दोष कुठल्या खात्यात आहे ते दिसतं. एकच मोठा भागाकार केला असता तर त्रासन खात्यातली उधळपट्टी साचा खात्याच्या काटकसरीत लपून गेली असती.

आता पहिल्याच दोन खात्यांत जी अडचण येते ती बघू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत.

समजा ब्लो रूम आणि कार्ड मिळून एका खेपेला १,००० किलो रुई गेली, किलोला १६० रुपये दरानं १,६०,००० रुपयांची. मजुरी, वीज वगैरे ७,२०० रुपये. रुईत कचरा असतोच, तो जाणार. वर्षानुवर्षांच्या अनुभवानं ठाऊक आहे की १,००० किलोतले ८० किलो जातात. हा कचरा अगदीच वाया जात नाही, २० रुपये किलोनं विकला जातो, म्हणजे १,६०० रुपये परत आले. निव्वळ खर्च १,६५,६०० रुपये. भागायचं कितीनं? १,००० नं नव्हे, ९२० नं. किलोला १८० रुपये पडले. जी घट होणारच आहे तिचा भार चांगल्या मालानं उचलायचा, हा साधा नियम. स्वयंपाकघरातही भाजीचे देठ-सालं वजा करूनच पावशेर भाजी किती माणसांना पुरेल ते ठरतं.

पण एखाद्या खेपेला ९२० ऐवजी ९०० किलोच बाहेर आला तर? यंत्र नीट लावलेलं नव्हतं, किंवा रुई भिजली होती, कारण काहीही असो. सरळ भागाकार केला तर कचऱ्याचे २,००० रुपये वजा जाऊन १,६५,२०० भागिले ९००, म्हणजे किलो १८३ रुपये ५६ पैशांना पडला. हिशेबनीस हे करत नाही. तो म्हणतो, माझ्या मालाची किंमत १८० रुपयेच आहे. जास्तीचे २० किलो बुडाले, त्यांची किंमत ३,६०० रुपये, त्यातून कचऱ्याचे ४०० मिळाले, उरलेले ३,२०० रुपये थेट नफा-तोट्याच्या खात्याला टाका. मालाच्या अंगावर टाकू नका. उलट ९३० किलो निघाला, तर वाचलेले १० किलोही त्याच १८०च्या भावानं लाभ म्हणून वेगळे दाखवायचे.

यातली मेख अशी की नेहमीची घट आणि जास्तीची घट ही हद्द निसर्गानं आखलेली नाही. ती माणसानं आखायची असते. ८ टक्के म्हटलं तर २० किलो हा निष्काळजीपणा ठरतो. १० टक्के म्हटलं तर तोच नेहमीचा खर्च होतो आणि त्याबद्दल कुणाला जाब विचारायची सोयच उरत नाही. सुपरवायझरला कुठला आकडा आवडेल हे सांगायला नको.

गिरणगावात हा प्रश्न वहीपुरता राहिला नाही. कापडात दोष निघाला, धागे तुटून जाळी पडली, डाग पडला, की ते कापड विणकराच्याच माथी मारायचं आणि त्याची किंमत पगारातून कापायची, ही मुंबईच्या गिरण्यांतली जुनी चाल. ते कापड विकून जे सुटेल ते त्याचं. १९२० च्या दशकात कामगारांच्या तक्रारींत ही तक्रार वारंवार येते. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर जास्तीची घट मालकाच्या नफा-तोट्यात न जाता साचेवाल्याच्या पाकिटातून जात होती. सूत कच्चं होतं, कांजी नीट बसली नव्हती, हवा कोरडी होती, कारण काहीही असलं तरी दोष दिसायचा तो साच्यावर, आणि साच्याजवळ उभा असायचा विणकर. मला तर वाटतं, प्रत्येक खात्याचा हिशेब वेगळा ठेवण्याचा सगळ्यात न्याय्य उपयोग इथंच होता. आदल्या खात्याचा दोष पुढच्याच्या गळ्यात पडत नाही ना, हे त्यातून दाखवता आलं असतं.

घटीनंतर मापाचा घोटाळा. किलोनं मोजायचं की मीटरनं? कापूस हवेतला ओलावा शोषतो. व्यापारात कोरड्या कापसाच्या वजनावर ८.५ टक्के ओलावा प्रमाण म्हणून धरतात. मुंबईच्या पावसाळ्यात सुताचं वजन उगाच वाढतं, उन्हाळ्यात कमी होतं. जुलैतला किलो आणि मेमधला किलो यांत कापूस सारखा नसतो, म्हणून नीट चालणाऱ्या गिरणीत वजन ओलाव्याची दुरुस्ती करून धरतात. कांजी खात्यात तर उलटाच चमत्कार, आत गेलं त्याहून जास्त वजन बाहेर येतं, कारण ताण्यावर स्टार्च चढलेला असतो. तिथं वजनानं भागलं तर कांजी जेवढी जाड तेवढं सूत स्वस्त! म्हणून कांजीपासून पुढं मीटर धरायचा, पूर्वीच्या काळी वार.

त्रासन खात्यात आणखी एक वळण आहे. सुताचा नंबर म्हणजे एका रत्तलात (पौंडात) ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. २० नंबरी सूत जाड, ४० नंबरी बारीक. ४० नंबरीच्या एका किलोत दुप्पट लांबी असते. शिवाय बारीक सुताला पीळ जास्त द्यावा लागतो, म्हणून चात्या त्याच वेगानं फिरल्या तरी सूत हळू निघतं. दोन्ही मिळून ४० नंबरीच्या एका किलोला २० नंबरीच्या सुमारे २.८ पट चाती-वेळ लागतो. म्हणजे एकाच खात्यात दोन्ही नंबर निघत असतील आणि कुणी सगळ्यांचे किलो एकत्र करून खर्च भागला, तर जाड सूत विनाकारण महाग आणि बारीक सूत फसवं स्वस्त दिसेल. माल एकजिनसी असेल तेव्हाच सरासरी खरं बोलते. माल वेगवेगळा असेल तर आधी सगळा एकाच नंबराच्या भाषेत आणायचा आणि मग भागायचं.

उत्पादनाच्या आकड्याशी पैसे बांधले की काय होतं, त्याचाही दाखला मुंबईतच सापडतो. एकोणिसाव्या शतकात बऱ्याच गिरण्यांचा कारभार चालवणाऱ्या मॅनेजिंग एजंटांचं कमिशन नफ्यावर नसे, उत्पादनावर असे. रत्तलामागे पाव आणा ही ठरलेली रीत. माल स्वस्तात पडो की महाग, विकला जावो की गोदामात पडून राहो, रत्तल वाढले की एजंटाचं कमिशन वाढलं. भाजक मोठा झाला म्हणजे सरासरी खर्च कमी दिसतो, आणि तोच मोठा आकडा एजंटाचा खिसा भरतो. भागधारकांनी यावर कुरकुर केली नसती तरच नवल.

आता साचा खात्यात शिरू. महिनाअखेरीला रात्रपाळीचा भोंगा वाजतो, पण साचे रिकामे नसतात. बीमवर ताणा चढलेला असतो, धोटा मध्येच थांबलेला असतो, काही बोटं, काही हात कापड विणून झालेलं असतं. ताग्याचं माप पुरं होऊन कापड उतरेपर्यंत साचा खात्याच्या वहीत ते अपुरंच. हे अर्धं कापड मोजायचं कसं? पूर्ण धरलं तर खोटं, शून्य धरलं तरी खोटं.

इथं अर्धवटाचं रूपांतर पूर्णात करतात. १०० मीटर निम्मे विणून झाले असतील तर ते ५० पूर्ण मीटरांच्या कामाबरोबर. पाठ्यपुस्तकात यांना समतुल्य एककं म्हणतात. पण साच्यावर एक पोटभेद आहे आणि तो मला फार आवडतो. ताणा बीमवर सुरुवातीलाच पूर्ण चढतो. म्हणजे ताण्याच्या बाबतीत ते कापड १०० टक्के झालेलं आहे. बाणा, म्हणजे आडवा धागा, मात्र विणता विणता जातो, आणि विणकराची मजुरी, वीज त्याच्याबरोबर. त्यामुळे एकाच कापडाचे दोन हिशेब करावे लागतात, एक ताण्याचा, एक बाणा-विणाईचा.

समजा महिन्याच्या सुरुवातीला साच्यांवर ४,००० मीटरांचं अर्धवट काम होतं, सरासरी निम्मं विणलेलं. त्यावर ताण्याचे ८०,००० आणि बाणा-विणाईचे ४६,००० रुपये आधीच चढले होते. महिन्यात आणखी ३६,००० मीटरांचा ताणा आला, ७,९२,००० रुपयांचा. बाणा आणि विणाईवर या महिन्यात १०,६४,००० रुपये खर्च झाले. महिनाअखेर ३५,००० मीटर उतरले, ५,००० साच्यांवर राहिले, ४० टक्के विणलेले.

सरासरी पद्धत जुनं-नवं सगळं एकत्र घोटते. ताण्याचे एकूण ८,७२,००० रुपये. ३५,००० पूर्ण आणि ५,००० साच्यावरचे, मिळून ४०,००० मीटर. मीटरला २१ रुपये ८० पैसे. बाणा-विणाईचे एकूण ११,१०,००० रुपये; ३५,००० पूर्ण आणि ५,०००च्या ४० टक्क्यांचे २,०००, मिळून ३७,००० मीटर; मीटरला बरोबर ३० रुपये. एकूण ५१ रुपये ८० पैसे. उतरलेल्या कापडाची किंमत १८,१३,००० रुपये. साच्यावर राहिलेल्याची १,६९,०००, त्यात ताण्याचे १,०९,००० आणि बाणा-विणाईचे ६०,०००. बेरीज १९,८२,०००, म्हणजे जेवढा पैसा आत गेला तेवढाच बाहेर आला.

हीच बेरीज कुणी घाईत नुसत्या ३५,०००नं भागली असती तर मीटर ५६ रुपये ६३ पैशांना पडला असता. ४०,०००नं भागली असती तर ४९ रुपये ५५ पैशांना. सात रुपयांचा फरक, आणि खर्चात एका पैशाचाही बदल नाही.

दुसरी पद्धत आहे पहिलं आलेलं पहिलं बाहेर. ती जुन्या महिन्याचा खर्च नव्यात मिसळू देत नाही. जुन्या ४,००० मीटरांची निम्मी विणाई म्हणजे २,००० मीटरांचं काम आधीच झालं होतं. ते वजा करून या महिन्याचं काम उरतं ३५,००० मीटरांचं. १०,६४,००० भागिले ३५,००० म्हणजे ३० रुपये ४० पैसे. ताण्याचा या महिन्याचा दर २२ रुपये. या महिन्यात सुरू होऊन पूर्ण झालेला मीटर ५२ रुपये ४० पैशांना पडला. कापूस महागत असेल तर ही पद्धत महागाई ताबडतोब दाखवते, सरासरी तिला थोडी झाकते. मालसाठ्याची किंमत कशी धरायची ते सांगणाऱ्या लेखा मानक २ प्रमाणे दोन्ही चालतात. परीक्षेत यांच्यातल्या फरकावर पानं भरून लिहावं लागतं. पण आपल्या उदाहरणात महिनाअखेरच्या मालाच्या किमतीत फरक पडला तो फक्त १,८०० रुपयांचा.

आता तो ४० टक्क्यांचा आकडा बघा. तो कुणी ठरवला? साचा खात्यातून फेरी मारून कुणीतरी अंदाज बांधला. तिथं ४०च्या जागी ६० लिहिलं असतं, तर सरासरीनंच साच्यावरच्या मालाची किंमत १,६९,०००ची सुमारे १,९६,६०० झाली असती. म्हणजे उतरलेलं सगळं कापड विकलं गेलं असेल, तर या महिन्याचा नफा २७,६०० रुपयांनी फुगला असता. पुढच्या महिन्यात तो जुन्या अर्धवटाच्या रूपानं परत अंगावर येणार, हे खरं. पण वार्षिक ताळेबंद मार्चअखेर होतो, आणि मार्च संपेपर्यंत एप्रिलची काळजी कोण करतं? पुस्तकं पद्धतींवर भांडतात, पैसा अंदाजात लपतो. ऑडिटरनं सूत्र तपासण्यापेक्षा साच्यांमधून एक फेरी मारावी, हे बरं.

बाणा-विणाईच्या त्या ३० रुपयांत बाण्याखेरीज मोठा भाग मजुरीचा, आणि म्हणून भागाकाराचा वरचा आकडा कमी करण्याची खटपट कायम तिथंच होत राहिली. १९२८ मध्ये काही गिरण्यांनी विणकराला दोनऐवजी तीन साचे आणि कातणाऱ्याला एकाऐवजी दोन बाजू सांभाळायला लावायचं ठरवलं. माणूस तोच, मीटर दीडपट, मजुरी थोडी वाढवून. कागदावर मीटरचा खर्च झकास उतरतो. कामगार संपावर गेले, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या, गिरणी कामगार युनियन याच संपात उभी राहिली, आणि मग न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीसमोर मजुरीच्या कोष्टकांचा कीस पडला. सूत सारखं तुटत असेल तर तीन साचे सांभाळणारा विणकर एक जोडेपर्यंत दुसरा थांबतो, हे मीटरच्या सरासरीत आधी दिसत नाही. ते दिसतं जास्तीच्या घटीत, आणि ती कुणाच्या पगारातून जायची ते वर आलंच आहे.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हिशेबनिसाच्या टेबलावर त्या दिवशी एक विचित्र भागाकार आला: वर घसारा, व्याज, पहारेकऱ्यांचा पगार, विम्याचे हप्ते, खाली शून्य. अशा वेळी हा खर्च पुढच्या कापडाच्या मीटरवर चढवत नाहीत. नेहमीच्या क्षमतेवर जेवढा बसेल तेवढाच स्थिर खर्च मालाला लावायचा, बंद यंत्रांचा सरळ तोट्यात. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि बऱ्याच गिरण्यांमध्ये तो भागाकार पुन्हा कधी मांडावा लागला नाही.

पण कापड थांबलं नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडं ते आधीपासूनच चाललं होतं. त्यानं हिशेबाची जुनी साखळीच तुटली. गिरणीत त्रासन खात्याचं सूत साचा खात्याला खर्चाच्या भावानं जायचं, मधे नफा नव्हता. आता सूतगिरणी वेगळी, कांजीवाला वेगळा, यंत्रमागवाला वेगळा, प्रोसेस हाऊस वेगळं. प्रत्येक पायरीवर खर्चाऐवजी बाजारभाव, आणि त्यात प्रत्येकाचा नफा. मजुरीवर विणणाऱ्या यंत्रमागधारकाच्या वहीत तर सुताची किंमत येतच नाही, कारण सूत व्यापाऱ्याचं. मागावर अडकलेलं अर्धं कापडही व्यापाऱ्याच्या मालात मोडतं. त्याच्या हिशेबात उरते ती फक्त विणाई.

आणि विणाई तिथं मीटरमागे नुसती धरत नाहीत, पिकाप्रमाणे धरतात. पिक म्हणजे बाण्याचा एक फेरा, इंचात किती फेरे बसतात त्यावर कापडाची दाटी ठरते. दाट कापडाला जास्त पिक, जास्त वेळ, जास्त मजुरी. २० नंबरी आणि ४० नंबरीचा जो घोटाळा त्रासन खात्यात होता, तो इथं मापातच सोडवलेला आहे. मागाला मोजणीचं मीटर लावलं की ४० टक्के की ६० टक्के हा अंदाजही बांधावा लागत नाही. इचलकरंजीत मजुरीवाढीची बोलणी होतात तेव्हा ५२ पिकांच्या कापडाला मीटरमागे किती पैसे, एवढ्या एका आकड्यावर कामगार संघटना आणि यंत्रमागधारक समोरासमोर बसतात.